बाकावरची पंगत

नगर जिल्ह्यात विकायला ठेवलेली अशी एकही वस्तू नसेल, जी माझ्या थोरल्या मावशीने उलटी करून पाहिलेली नाही. विधान थोडे वाढवून केले आहे, पण फार नाही. पातेले, बादली, सूप, पाटी, कुकर, शेगडी, काहीही हातात आले की ती ते आधी पालथे करते, बुडावर टिचकी मारते, कडेवरून अंगठा फिरवते आणि मग विकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहते. "वरनं समदंच गुळगुळीत असतंय," ती म्हणते. "खोट असती ती खाली असती." पारनेरच्या बाजारातले भांडीवाले तिला लांबून येताना पाहून आपणच एकदोन घागरी पालथ्या करून ठेवतात. घरात फ्रिज आला तेव्हा तोही उलटा करून दाखवा, असा तिचा आग्रह होता. उलटा केला तर गॅस बिघडेल, असे दुकानदाराने सांगितले. "बरं, आडवा तरी करा," मावशी म्हणाली. तो आडवा करण्यात आला. एका भाचीच्या लग्नात नवरा-नवरीसाठी मांडववाल्याने सोनेरी, सिंहाच्या तोंडाच्या खुर्च्या ठेवल्या होत्या. अक्षता पडल्या, फोटोवाला तयार झाला, आणि जोडपे बसणार तेवढ्यात मावशीने हात आडवा केला. दोन्ही खुर्च्या सर्व पाहुण्यांसमोर पालथ्या झाल्या. एकीचा पाय तारेने बांधलेला निघाला. तेव्हापासून तो मांडववाला आमच्या नात्यातली सुपारी घेताना आधी विचारतो, "मावशी येणार हायेत का?"

तिच्या खरेदीचे आणखीही काही नियम आहेत. दुकानात चहा घ्यायचा नाही, कारण चहा प्याला की तोंड मिंधे होते. वस्तू ठरल्याशिवाय दुकानात बसायचे नाही. सल्ला द्यायला घरातली माणसे बरोबर न्यायची, पण सल्ला ऐकायचा नाही. आणि घ्यायचे ठरले की घ्यायचे. 'बघू', 'पुढच्या साली', 'जमलं तर' हे शब्द मी तिच्या तोंडून ऐकलेले नाहीत. लोखंडी कपाट हवे होते तेव्हा एक अख्खा उन्हाळा ती दर बाजाराला त्याच दुकानात जात राहिली. कपाट उघडायची, कपाट लावायची आणि परत यायची. शेवटी शेवटी तो दुकानदार तिला पाहून शटर ओढायला लागला आणि पावसाळ्याच्या तोंडाला त्याने स्वतःच कपाट टेम्पोत घालून गावात पाठवले. "लई भला मानूस," ती आजही त्याच्याबद्दल म्हणते.

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, हे या सगळ्याच्या उलट. वस्तू समोर आली की ती चांगलीच असणार असे धरून चालणारे. उभा जन्म पारनेर तालुक्यातल्या जिरायती रानात गेला, आवाज कधी चढला नाही, आणि बायकोने उलटे केलेले सामान सुलटे करून ठेवणे हे काम त्यांनी आपले मानून घेतले. दोन वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे गेले. नगरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की आता मांडी घालायची नाही, उकिडवे बसायचे नाही, जमिनीवर तर अजिबात नाही. औषधाच्या गोळ्यांपेक्षा हे कठीण होते, कारण त्या घरात सगळे जेवण जमिनीवर होते. आधी पुरुष आणि मुले ओळीने बसतात, त्यांचे झाले की बायका. काकांची जागा भिंतीच्या कडेला, पाठ टेकायला मिळेल अशी होती.

त्या जागी त्यांच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आली आणि पुढे स्टुलावर ताट. काही दिवस ते तसे जेवले. खाली मुलगा, नातवंडे, आल्यागेल्या पाहुण्यांची डोकी, आणि वर हे. "समद्यांच्या डोक्यावर बसून खाल्ल्यावानी वाटतंय," एक दिवस ते म्हणाले आणि ताट घेऊन गोठ्याच्या पडवीत बाजेवर जाऊन बसले. मग रोज तिथेच. रस्त्याने जाणारा कोणी हाक मारायचा, "काय पाटील, घरातनं काढलं काय?" काका हसायचे. पण ताटातून अर्धी भाकरी माघारी यायला लागली, मग पाऊण. विचारले की "भूक न्हाई" म्हणायचे. मावशी रोज ते ताट हातात घेऊन पाहायची आणि काही बोलायची नाही. ती बोलत नाही तेव्हा तिचे ठरलेले असते.

गेल्या पावसाळ्यात तिने जाहीर केले की पोळ्याच्या आत घरात जेवायचे टेबल येणार.

"टेबल?" तिचा मुलगा म्हणाला. "आई, टेबल आनून करायचं काय? पोरांची दप्तरं ठेवायची?"

"जेवायचं. समद्यांनी. वर बसून."

"गाव हसंल."

"हसू दे. पोळ्याला बैलं दारात येऊन पुरनपोळी खानार अन् मालक गोठ्यात बसून. तवा गाव हसत न्हाई व्हय? लोक म्हनतील अदलाबदल झाली म्हनून."

टेबल कमी किमतीचे हवे, पण हलके नको, अशी अट होती. पारनेरात दोन ठिकाणी बघून झाले. तेव्हा कोणीतरी नगरच्या बायपासला लागून निघालेल्या मोठ्या फर्निचरच्या दुकानाचे नाव सांगितले. तिथे साध्या माणसाला परवडेल असे सामान मिळते, आणि इतके आहे की बघता बघता दिवस जातो, असे ऐकून मावशीने त्याच आठवड्यात पिकअप काढायला लावली. मुलगा चालवायला, पुढे काका पाय लांब करून, मागच्या हौद्यात मावशी आणि सून. मी नगरलाच राहतो, म्हणून मला दुकानाच्या दारात उभे राहायला सांगण्यात आले होते.

दुकान तीन मजली, समोरून सगळी काच. मावशीने दारात चपला काढल्या. सुरक्षारक्षक म्हणाला, "मावशी, घालून चला आत." ती म्हणाली, "लोकाच्या घरात?" आणि अनवाणीच आत गेली. आत खरोखरच घरे होती. भिंती नसलेल्या खोल्या, अंथरलेले पलंग, उशांवर उशा, टीपॉयवर प्लास्टिकची सफरचंदे, दिवे लावलेले. मावशी पहिल्या खोलीपुढे थांबली, इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाली, "ह्या घरातली मानसं कुठं गेली?"

एक तरुण विक्रेता टाय सावरत आमच्याबरोबर निघाला. त्याचा पहिला त्रास लगेच सुरू झाला. प्रत्येक वस्तूवर किमतीचे कार्ड होते आणि मावशी पुढे जाताना प्रत्येक कार्ड पालथे करत होती. "भाव आदी कळला की डोळं बिघडत्यात," तिने मला समजावले. "स्वस्त असलं की वंगाळ दिसतंय, म्हाग असलं की चांगलं दिसतंय." विक्रेता तिच्या मागून चालत कार्डे पुन्हा सुलटी करत होता. एका सोफ्यापाशी ती रेंगाळली. त्याने आशेने सांगितले, "मॅडम, याला वॉरंटी आहे."

"मग उलटा करा."

"सोफा?"

"सोप्याचंच बोलते मी."

मुलाने आणि मी मिळून सोफा उलटा केला. खाली पातळ काळे कापड पिनांनी ठोकलेले होते. मावशीने त्यात बोट घातले. "वरनं मखमल, खालनं मच्छरदानी," ती म्हणाली आणि पुढे निघाली. सोफा घ्यायचा नव्हताच. पण समोर आला, आणि उलटा न करता पुढे जाणे तिला जमले नसते.

काकांना लिफ्टने टेबलांच्या मजल्यावर आणले. तिथे मावशीने वेळ घेतला. काचेचे टेबल नापास झाले, कारण जेवताना आपलेच पाय दिसत राहणार. गोल टेबलाभोवती ती एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "ह्याची सुरवात कुठंय? वाढायचं कुठनं?" एकाचा पाय हलत होता, एकाला पॉलिशचा वास येत होता. शेवटी अगदी कोपऱ्यात एक साधे, लाकडी रंगाचे, सहा खुर्च्यांचे टेबल मिळाले. ते उलटे झाले, स्क्रू तपासले गेले, टिचकी वाजली. मावशी पहिल्यांदा मान हलवून म्हणाली, "सरळ हाय." त्या मजल्यावरचे तेच सगळ्यात स्वस्त आहे हे कार्ड न बघता तिने कसे ओळखले, ते मला सांगता येणार नाही.

मग तिने सुनेच्या हातातली पिशवी घेतली आणि टेबलावर फडके अंथरले. भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, कांदा. घरून आणलेले एक ताट.

विक्रेता धावत आला. "मॅडम, मॅडम, याच्यावर जेवता येत नाही."

"मग जेच्यावर जेवता येतंय त्ये दाखवा."

"तसं नाही. हे डिस्प्लेचं आहे."

"बाबा, जेवायचं टेबल हाय ना? मग जेवून बघाय नको? जोडा घेताना पायात घालून बघतो का न्हाई आपन?"

तो काही बोलण्याच्या आत तिने काकांना खुर्चीवर बसवले. काका अवघडून म्हणाले, "अगं, लोक बघत्यात."

"बघू द्या. गुडघा कसा हाय?"

"बरा हाय."

"हात पुरतोय?"

"पुरतोय."

"झालं तर. बसा आता समदी."

समदी म्हणजे मुलगा, सून आणि मी. मी बसलो, पण मी शहरात राहणारा, माझे बसणे कोणी जमेस धरले नाही. मुलगा दुसऱ्या एका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "मी हितं बरा हाय." सुनेने पदर डोक्यावर पुढे ओढला आणि फरशीकडे पाहत राहिली.

हे इथे सांगितले पाहिजे. त्या घरात वडीलधाऱ्यांसमोर खुर्चीवर बसत नाहीत. हा नियम कोणी शिकवल्याचे कोणाला आठवत नाही. सून जमिनीवर बसते, उंबऱ्यावर, पोत्यावर, पायरीवर बसते. खुर्ची पाहुण्याची, तलाठ्याची, डॉक्टरची आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाची. मुलगा चार माणसांत पुढारपण करणारा आहे, पण बापासमोर खुर्ची ओढून बसलेला मी त्याला पाहिलेला नाही. टेबल आणले की सगळे वर बसतील, एवढाच हिशेब मावशीने केला होता. वर बसायचे म्हणजे खुर्चीवर बसायचे, हे तिच्याही ध्यानात आले नव्हते.

"बसा म्हनते ना," ती म्हणाली.

"घरी गेल्यावर बसू की," मुलगा म्हणाला.

"घरी काय, खुर्च्या बदलत्यात?"

कोणी हलले नाही. तेव्हा मावशीने स्वतः एका खुर्चीची पाठ धरली. ती मागे ओढली, पाय फरशीवर करकरले. आणि तिथेच ती थांबली. मांडवातल्या सिंहांना पालथे घालणारी ही बाई एका साध्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली, बसली नाही. लग्न होऊन आल्यापासून काकांसमोर ती खुर्चीवर बसलेली नव्हती. थोड्या वेळाने तिने खुर्ची परत आत सरकवली. "मी वाढते," ती म्हणाली.

काकांनी दोन घास खाल्ले. डोक्यावर झुंबर लागलेले होते, समोर प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ, भोवती पाच खुर्च्या, त्यातल्या एकीवर मी. गोठ्यात जेवायचे तसेच ते जेवले. उरलेली भाकरी ताटात तशीच राहिली. मावशीने फडके गुंडाळले आणि पिशवी सुनेकडे दिली.

तरीही तिने सौद्याला हात घातला. सवयीने घातला असावा, कारण तिच्या आवाजात नेहमीची धार नव्हती. विक्रेता म्हणाला, "किंमत ठरलेली आहे, मॅडम."

"कुनी ठरवली?"

"कंपनीने."

"त्यांला बोलवा."

"ते इथं नसतात."

"मग ऱ्हाऊ द्या. येतो आमी," मावशी म्हणाली आणि चालू लागली.

बाजारात असे चालू लागणे हा सौद्याचा शेवट नसतो. गिऱ्हाईक पाठ करून निघते, विकणारा त्याला थोडे लांब जाऊ देतो आणि मग हाक मारतो, "या, या, घेऊन जा, तुमचंही राहिलं, माझंही राहिलं." मावशीची सगळी मोठी खरेदी अशा हाकेनंतरच झालेली आहे. किती अंतरावर पाय हळू करायचा हे तिला पक्के ठाऊक आहे. ती जिना उतरली, चपला घातल्या, काचेचे दार ओलांडून उन्हात गेली आणि दुकानाकडे पाठ करून पिकअपजवळ उभी राहिली. बाकीच्यांना खाली येऊन दाराच्या आत थांबायला सांगितले होते. मी तिच्या मागे गेलो.

"हाक मारली का रं?" तिने मान न वळवता विचारले.

"नाही."

"बघतोय तरी का?"

मी पाहिले. तो दुसऱ्या कुटुंबाला गाद्या दाखवत होता. "नाही," मी म्हणालो.

"बरं. मी आजून जरा पुढं जाते." ती पार दुकानाच्या फाटकापर्यंत गेली. पुढे बायपास होता, त्यावरून मालट्रक चालले होते. त्यापुढे जायला जागा नव्हती. तिथे उभी राहून ती बराच वेळ ट्रकांकडे पाहत राहिली, आणि मग म्हणाली, "हाक मारली असती तरी काय न्यायचं व्हतं रं? टेबल न्हेलं तरी ह्ये एकलेच बसनार. गोठ्यातनं उठून घरात एकलेच." हे ती तक्रारीच्या सुरात बोलली नाही. भांड्याचे बूड पाहून फुटके आहे असे सांगावे, तसे सांगितले. मग पदराने तोंड पुसले आणि माणसांना बोलवायला परत फिरली.

काचेच्या दाराच्या आत, बिलाच्या काउंटरजवळ, गिऱ्हाइकांना थांबायला एक लांब लाकडी बाक ठेवलेला होता. त्यावर एका टोकाला काका बसले होते, गुडघा चोळत. शेजारी मुलगा. आणि दुसऱ्या टोकाला सून. काकांचे वरचे दोन घास सोडले तर सकाळी निघाल्यापासून कोणी काही खाल्ले नव्हते. फडके मुलाच्या मांडीवर उघडे होते आणि तिघेही भाकरी मोडून खात होते. सून तोंड दुसरीकडे करून खात होती, पण खात होती. काकांच्या हातातला चतकोर संपला, आणि त्यांनी न मागता दुसरा उचलला.

मावशी दारातच ओरडली, "उठू नका!"

सुरक्षारक्षक उठून उभा राहिला. सूनही दचकून उभी राहिली.

"तू कशाला उठलीस? बस! हुतीस तशी बस. घास खा."

"आत्याबाई, चुकलं," सून म्हणाली. "लई भूक लागल्ती."

"चुकलं न्हाई गं. मला सांग, वर मामंजींपुढं बसली न्हाईस, हितं कशी बसलीस?"

सुनेने बाकाकडे पाहिले, जणू तो आत्ताच तिथे आला होता. "ही खुर्ची कुठंय? ह्यो बाक हाय. यष्टीत बसतो तशी बसले."

मावशी त्या तिघांभोवती फिरली, पुढून पाहिले, बाजूने पाहिले. एसटीत सासरा आणि सून एका बाकावर बसतात. ट्रॉलीच्या कडेवर, देवळाच्या कट्ट्यावर, दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळे बसतात, आणि कोणी कोणासाठी उठत नाही. "खुर्चीला मान असतोय," मावशी मला म्हणाली. "बाकाला कुठला आलाय?" आणि लगेच विक्रेत्याला हाक मारली. या वेळी हाक तिनेच मारली.

"ह्यो बाक केवढ्याला?"

"मॅडम, तो विकायला नाही. बसायला ठेवलाय."

"आमाला बी बसायलाच पायजे."

काकांना उठवून बाक उलटा करण्यात आला. खाली दुकानाचा शिक्का होता, तेव्हा तो मिळणार नाही हे मावशीने मान्य केले. पण विक्रेत्याने डोके खाजवून सांगितले की वरच्या मजल्यावर एक टेबल असे आहे, ज्याच्या एका बाजूला बाक आणि दुसऱ्या बाजूला चार खुर्च्या येतात. मावशीला दोन्ही बाजूंना बाक हवे होते. तसा सेट येत नाही, तो म्हणाला. मग आणा, ती म्हणाली. खुर्च्या नको असतील तर त्यांचे काय करायचे, त्याने विचारले. "ठेवून घ्या. तुमच्या सायबाला बसाय व्हतील." साहेब आले. त्यांनी नियम सांगितला, मावशीने गुडघ्यांची हकिकत सांगितली. साहेबांनी पुन्हा नियम सांगितला, मावशीने बैलांची हकिकत सांगितली. मधेच सुनेने तिला पाणी आणून दिले. शेवटी साहेबांनी गोदामात फोन लावून दुसऱ्या सेटचा एक सुटा बाक शोधून काढला, तेव्हा तिने काकांना विचारले, "आता चहा घेऊ या का?" चार खुर्च्या वजा झाल्या होत्या, त्यामुळे टेबल तिच्या आवाक्यात बसले. हा आपला सौदा होता असे ती आजही मानते. काउंटरवर चहा आला आणि मावशी दुकानात पहिल्यांदा बसली, त्याच बाकावर.

गावात टेबल उतरले तेव्हा लोक जमले. लांब टेबल, दोन्हीकडे लांब बाक. शेजारच्या पोक्त माणसाने दारातूनच आवाज दिला, "वैनी, हाटेल टाकलं काय? दोन चहा सांगा!"

दुसरा म्हणाला, "मिसळ कधीपासनं सुरू?"

"बसा की, मिसळबी देते," मावशी म्हणाली. "खाऊन झाल्यावर बाक पुसून जायचं. पुसाय मानूस ठेवला न्हाई."

पोळ्याच्या दिवशी मी जेवायला होतो. दावणीला उरलेली म्हातारी बैलजोडी शिंगे रंगवून दारात आली, ओवाळून झाले, नैवेद्य झाला. मग घरातली माणसे बसली. काका भिंतीकडच्या टोकाला, शेजारी मुलगा, मग नातवंडे. समोरच्या बाकावर मी, आणि अगदी दुसऱ्या टोकाला सून, पाय बाहेर काढून, वेळ पडली तर चटकन उठता येईल अशी. पण ती बसली. सगळी पातेली टेबलावर होती. तिने पहिला घास घेतला तेव्हा कोणी तिच्याकडे पाहिले नाही, म्हणजे सगळ्यांनी ठरवून पाहिले नाही.

मावशी मात्र चुलीपाशी उभी होती. "तुमी घ्या. मी मागनं."

काकांनी हात आखडता घेतला. "मग मी बी मागनं," ते म्हणाले.

त्यांनी एखादी गोष्ट अडवून धरलेली कोणाला आठवत नव्हती, त्यामुळे क्षणभर सगळेच थांबले. मग काका भिंतीकडे सरकले, मुलगा बाजूला सरकला, मुले सरकली, आणि दोघांच्या मध्ये जागा झाली. मावशीने हात लुगड्याला पुसले आणि ती बसली.

जेवण चालू झाले. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आले की काका जेवत नाहीत, मावशीच्या ताटाकडे पाहत आहेत. तिने ताटात पोळी घेतलेलीच नव्हती. सकाळची भाकरी मोडून आमटीत कुस्करली होती आणि ती खात होती.

"पोळी न्हाई घेतलीस?"

"न्हाई आवडत मला पुरन."

"कवापासनं?"

"पयल्यापासनं."

काका तिच्याकडे पाहत राहिले. लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्यापासून तिच्याच हातची पुरणपोळी ते खात आले होते. तिला पुरण आवडत नाही हे त्यांना ठाऊक नव्हते. मला हे खरे वाटले नाही, म्हणून मी नंतर एकदा विचारले की निदान शेतात तरी दोघे बरोबर जेवत असाल. मावशी म्हणाली, आधी गडीमाणसे, मग बाया, आणि बाया खायला बसल्या की पाठ करून बसायच्या. तिला जेवताना त्यांनी पाहिलेलेच नव्हते.

"सांगायचं तरी व्हतं," काका हळूच म्हणाले.

"त्यात काय सांगायचं? खावा. निवंल."

आता मुलगा सुप्याच्या एमआयडीसीत पाळीवर जातो, मुले शाळेच्या गावी असतात, सून दिवसा रानात असते, आणि पुष्कळदा त्या लांब बाकावर दोघेच असतात, शेजारी शेजारी, समोरचा बाक रिकामा. मी गेलो की त्यावर बसतो. काकांच्या ताटातून भाकरी माघारी येत नाही, फक्त जेवण लांबते. मावशी भाकरी कडेकडेने मोडते, कांदा शेवटी खाते, ठेचा घेण्याआधी पाण्याचा तांब्या जवळ ओढते. काका घास हातात धरून हे सगळे पाहत असतात.

"असं बघत बसू नका," ती म्हणते. "घास उतरत न्हाई मला."

काका मान वळवतात, दाराबाहेर पाहतात, आणि थोड्या वेळाने पुन्हा तिच्या ताटाकडे बघायला लागतात.